ताग म्हणजे गोणपाटच ना रे?

आमच्या इमारतीत कुणाचाही फोन अडला की तो माझ्याकडे येतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणजे मला मोबाइलमधलं सगळं कळतं, असा स्वारगेटच्या आमच्या या चाळवजा इमारतीत पक्का समज आहे. तळमजल्यावरच्या आजींनी एका रविवारी असाच फोन पुढे केला. त्यांना बायबलचं अ‍ॅप हवं होतं, मराठी, आणि अक्षरं मोठी.

अ‍ॅप टाकलं, अक्षरं वाढवली आणि दिसतंय का बघायला शेवटचं पुस्तक उघडून दिलं. प्रकटीकरण, अध्याय 19. तिथे एका लग्नाचं वर्णन आहे. नवरीला नेसायला स्वच्छ, तेजस्वी वस्त्र दिलं आहे आणि ते तागाचं आहे. आजी तिथेच थांबल्या.

"ताग म्हणजे गोणपाटच ना रे?"

प्रश्न थट्टेचा वाटेल, पण तो विचारणारी बाई कोण होती ते सांगायला हवं. आजी नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातल्या. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि नवऱ्याबरोबर मार्केट यार्डात बारदानाच्या कामाला लागल्या. फाटकी पोती गोळा करायची, झटकायची, दाभणात सुतळी ओवून ठिगळं लावायची, गठ्ठे बांधायचे. तीसेक वर्षं हेच. तागाची कूस नाकात जाऊन जडलेला खोकला शेवटपर्यंत गेला नाही.

"जन्मभर ताग शिवला. आता वर गेल्यावर नेसायलाबी तागच?" त्या हसल्या. मी म्हटलं, "बघून सांगतो, आजी."

मला वाटलं होतं, दहा मिनिटांचं काम आहे. नोकरी सांभाळून वाचता वाचता चार महिने गेले. उत्तर हाताशी येईपर्यंत आजी गेल्या होत्या. त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

डब्यातलं कापड

पहिला शोध माझ्याच फ्रिजमध्ये लागला. माझं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरच्या जवळ. आई महिन्या-दोन महिन्यांनी एसटीनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी डबा पाठवते आणि मी तो स्वारगेटच्या स्टँडवर जाऊन घेतो. त्यात जवसाची चटणी ठरलेली. बायबलमधलं ते कापड या जवसाचं आहे.

वनस्पतिशास्त्रात जवसाचं नाव लिनम युसिटॅटिसिमम. त्यातल्या 'लिनम'वरून इंग्रजीतलं लिनन आलं. लाइन हा शब्दही त्याच घरातला, कारण सरळ रेष आखायला जवसाचा दोरा ताणून धरत. मी दिवसभर कोडच्या ज्या लाइनी लिहितो, त्यांची पणजी जवसाच्या शेतात आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आपल्याकडे जवस पेरतात तो बियांसाठी. रब्बीत निळी फुलं येतात, मग बोंडं, मग तेल नाहीतर चटणी. झाड बुटकं आणि फांद्यांचं असतं. कापडासाठी लावायचा जवस दाट पेरतात, म्हणजे तो उंच आणि सरळ वाढतो. तो कापत नाहीत, मुळासकट उपटतात. काड्या पाण्यात किंवा दवात कुजवतात, वाळवतात, कुटतात, विंचरतात. तेव्हा कुठे आतला लांब, गार, चकाकणारा धागा हाती येतो. यहोशवाच्या पुस्तकात राहाब नावाची बाई दोन हेरांना घराच्या धाब्यावर काड्यांच्या ढिगाखाली लपवते. त्या काड्या जवसाच्याच, वाळत घातलेल्या.

मग मराठीत ताग का आला? आधी मला हा सरळसरळ बग वाटला. पण भाषांतर करणाऱ्यांच्या जागी बसून बघा. 'जवसाचं वस्त्र' असं लिहिलं असतं, तर महाराष्ट्रातल्या वाचकाला ताटातली चटणी आठवली असती. देठाच्या सालीतून निघणारा, पाण्यात कुजवून सोडवायचा धागा इथल्या माणसाला माहीत होता तो तागाचा, अंबाडीचा. झाड वेगळं, काम तेच. म्हणून मराठी बायबलात कुठे ताग आला, कुठे सण, आणि खरखर जावी म्हणून सोबत 'तलम' हे विशेषण.

आपल्या जुन्या परंपरेत जवसाच्या कापडाला स्वतःचं नाव होतं. संस्कृतात क्षौम, पालीत खोम. बौद्ध भिक्खूंना चालणाऱ्या सहा प्रकारच्या चीवरांच्या यादीत खोम आहे आणि साण, म्हणजे तागासारख्या धाग्याचं कापड, वेगळं मोजलं आहे. मनुस्मृतीत ब्रह्मचाऱ्यांची वस्त्रं वर्णाप्रमाणे वाटून दिली आहेत: ब्राह्मणाला शाण, क्षत्रियाला क्षौम, वैश्याला लोकर. म्हणजे ज्या जातीच्या धाग्यानं आजींनी पोती शिवली, तो कधीकाळी याच देशात वरच्या वर्णाच्या मुलाचं व्रताचं वस्त्र होता. एकच धागा कधी पवित्र ठरतो तर कधी पोत्याचा, आणि ते झाड ठरवत नाही.

सोनं उतरवण्याचा दिवस

आता मूळ कापडाकडे येऊ. तोरामध्ये, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, मुख्य याजकाचा पोशाख तपशिलात दिला आहे. आठ वस्त्रं. त्यांत सोन्याची तार, निळं-जांभळं-किरमिजी सूत, छातीवर बारा रत्नं, घेराला सोन्याची घुंगरं. पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत असा थाट.

पण वर्षातून एक दिवस, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, तो मंदिराच्या सगळ्यात आतल्या गाभाऱ्यात जायचा. तेव्हा हा थाट उतरवायचा. अंगरखा, चोळणा, कमरबंद आणि पागोटं, अशी चारच वस्त्रं, सगळी साध्या पांढऱ्या लिननची. काम झालं की ती तिथेच उतरवून ठेवायची. लेवीय अध्याय 16 मध्ये हे आहे. पुढच्या काळातल्या धर्मगुरूंनी त्याचं एक कारण सांगितलं: लोकांनी एकदा सोन्याचं वासरू करून पूजलं होतं, तेव्हा माफी मागायला सोनं घालून कसं जायचं? जो आरोप करणारा, तोच बचावाचा वकील होऊ शकत नाही.

यहेज्केलच्या पुस्तकात आणखी एक कारण येतं आणि ते फार जमिनीवरचं आहे. आतल्या अंगणात सेवा करताना याजकांनी लिनन घालावं, लोकर घालू नये, घाम येईल असं काही बांधू नये. मला इथे माझ्या आजोळची धाबळी आठवली. आपल्या सोवळ्यात रेशीम आणि लोकर शुद्ध, आणि सुती कापड धुऊन, कुणाचा स्पर्श न होता वाळलं तरच शुद्ध. तिकडे नेमकं उलट, लोकर दाराबाहेर. नियम उलटे आहेत, पण दोन्हीकडे माणूस देवासमोर जाताना आधी कपड्याचा विचार करतो.

हे सगळं दूरच्या वाळवंटातलं वाटत असेल तर रास्ता पेठेत जा. स्वारगेटहून फार लांब नाही. तिथे सुक्कथ शेलोमो हे बेने इस्राएल लोकांचं प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. बाहेरच्या ज्यू जगाशी फारसा संबंध नसलेल्या त्या काळातही त्यांनी प्रायश्चित्ताचा दिवस टिकवला होता. त्याला त्यांनी मराठी नाव दिलं होतं: दारफाळणीचा सण. दारं लावून घ्यायची, उपास करायचा, पांढरे कपडे घालायचे. जेरुसलेमचं मंदिर इसवी सन 70 मध्ये पडलं, याजकाचं लिनन गेलं, पण त्या दिवसाचा पांढरा रंग रायगडच्या किनाऱ्यावर सुती कपड्यात शिल्लक राहिला.

जिथे ताग चालत नाही

एका ठिकाणी मात्र ताग हा शब्द खरोखर अडतो. तोरामध्ये नियम आहे की लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं कापड घालायचं नाही. याला हिब्रूत शात्नेझ म्हणतात. इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात हा नियम काटेकोर केला आहे: मनाई फक्त मेंढीची लोकर आणि जवसाचा धागा यांच्या जोडीला. भांगेच्या जातीचा धागा तिथे स्पष्टपणे वेगळा धरला आहे. कापूस तर या भांडणातच नाही. म्हणजे कुणी मराठी 'ताग' शब्दशः घेऊन हा नियम पाळू लागला, तर चालणारं कापड टाकून देईल. आजही कर्मठ ज्यू लोक नवा सूट घेतला की तो तपासायला देतात आणि जाणकार माणूस अस्तरातला धागा सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतो. तिथे अंदाज चालत नाही.

मनाई का, याचं कारण तोरा देत नाही. पण एक विलक्षण गोष्ट आहे. याजकाच्या कमरबंदात आणि एफोद नावाच्या वस्त्रात लोकर आणि लिनन एकत्रच होतं. पहिल्या शतकातल्या जोसीफस या ज्यू इतिहासकारानं त्यावरूनच उलगडा केला: ही जोडी याजकांसाठी राखून ठेवलेली होती. म्हणजे सामान्य माणसाला मनाई असलेलं मिश्रण हे अपवित्र नव्हतं, राखीव होतं. आपल्याला ही भाषा समजावून सांगायला नको.

तेरहून निघालेली गाडी

ख्रिस्ती शुभवर्तमानांत हे कापड सगळ्यात हळव्या जागी येतं. येशूचं शव क्रुसावरून उतरवल्यावर अरिमथाईचा योसेफ कापड विकत आणतो आणि त्यात ते गुंडाळतो. मूळ ग्रीकमध्ये मार्कनं या कापडाला 'सिंदोन' म्हटलं आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द आहे 'ओथोनिया'. मराठीत तागाचं वस्त्र.

हे दोन शब्द मी वहीत लिहून ठेवले होते. काही आठवड्यांनी गावाकडचा इतिहास वाचताना ते पुन्हा समोर आले आणि मी खुर्चीत सरळ बसलो. 'पेरिप्लस' हे पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याचं टिपण आहे, लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांचं. त्यात दख्खनमधल्या दोन गावांची नावं आहेत. पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आमचं तेर, गोरोबाकाकांचं गाव. पैठणहून गोमेदासारखे खडे यायचे आणि तगरहून बैलगाड्यांतून, रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचच्या बंदरापर्यंत कापड जायचं. कोणतं कापड? पुष्कळसं साधं ओथोनियोन आणि तऱ्हेतऱ्हेच्या सिंदोनी.

यावरून येशूच्या अंगावर तेरचं कापड होतं असं मी म्हणत नाही, तसा कुठलाही पुरावा नाही. तेरचा माल सुती असणार. मुद्दा शब्दाचा आहे. त्या शतकातला ग्रीक बोलणारा माणूस जे शब्द शवाच्या कापडाला वापरत होता, तेच तो दख्खनच्या कापसालाही वापरत होता. शात्नेझचा नियम झाडाच्या नावावर अडून बसतो. बाजारातला शब्द मात्र फक्त कापडाचा पोत बघतो. एस्तेरच्या पुस्तकात इराणी राजाच्या मेजवानीच्या पडद्यांना 'कर्पस' म्हटलं आहे, आणि तो आपला संस्कृत कार्पास, म्हणजे कापूस. त्याच ओळीत पडद्यांच्या दोऱ्या मात्र लिननच्या आहेत. कापूस आणि जवस एकाच खांबाला बांधलेले.

मिश्नामध्ये तर आणखी पुढची गोष्ट आहे. प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक सकाळी इजिप्तमधल्या पेलुसियमचं लिनन घालायचा आणि दुपारनंतर 'हिंदुयीन', म्हणजे भारतीय म्हणून ओळखलं जाणारं कापड. बहुसंख्य धर्मगुरूंच्या मते सकाळचे कपडे 18 माने किमतीचे, दुपारचे 12. एकूण 30 माने. एका मान्यात 100 झूझ, म्हणजे 3000 झूझ.

साधेपणासाठी म्हणून घातलेलं पांढरं कापड 3000 झूझचं! हे वाचून मला माझ्याच कपाटातला शर्ट आठवला. साधा दिसतो म्हणून घेतलेला, पांढरा, लिननचा, आणि किंमत अशी की आईला खोटी सांगितली. साधेपणाही महाग होतो, आणि महाग झाला की तो पुन्हा थाटच होतो.

एका झूझची गोष्ट

हे त्या काळच्या लोकांनाही कळत होतं. तालमूदमध्ये एक हकिकत आहे. एके काळी अंत्यविधीचा खर्च इतका वाढला होता की घरच्यांना मरणाच्या दुःखापेक्षा तो जड जायचा. शेवटी नातेवाईक प्रेत टाकून पळून जाऊ लागले. तेव्हा रब्बान गमलिएल या मोठ्या मानाच्या धर्मगुरूनं आपल्या बाबतीत मान नाकारला. आपल्याला साध्या लिननच्या कपड्यांत न्यावं असं सांगितलं आणि तसंच झालं. एवढा मोठा माणूस साध्या कापडात गेला म्हटल्यावर गरिबाची लाज गेली. पुढे चौथ्या शतकातले रब्बी पापा सांगतात की आता तर लोक एका झूझच्या जाड्याभरड्या कापडातही नेतात.

गाभाऱ्यात जाणारा 3000 झूझच्या कापडात, आणि मातीत जाणारा एका झूझच्या. कापडाचं नाव तेच.

नव्या करारात हा पेच आणखी उघड आहे. लूकच्या शुभवर्तमानात एक श्रीमंत माणूस जांभळं आणि तलम लिनन घालून रोज मेजवान्या झोडतो. त्याच्या दाराशी लाजर नावाचा भिकारी अंगभर फोडांनी पडलेला, कुत्री येऊन ते चाटतात. गोष्टीत त्या श्रीमंताला नाव नाही, भिकाऱ्याला आहे. श्रीमंताची ओळख सांगताना आधी त्याचे कपडेच सांगितले आहेत.

आणि मग प्रकटीकरण. आजींनी वाचलं ते अध्याय 19 होतं. मी एक अध्याय मागे गेलो. अध्याय 18 मध्ये बाबेल नावाच्या मस्तवाल शहराचा नाश होतो आणि व्यापारी रडतात की आता आमचा माल कोण घेणार. त्या मालाची लांब यादी आहे: सोनं, रत्नं, मोती, तलम लिनन, हस्तिदंत, मसाले, धान्य, गुरं, आणि अगदी शेवटी गुलाम, माणसांचे जीव. ते शहर स्वतःही तलम लिनन नेसलेलं आहे. पान उलटलं की नवरीच्या अंगावरही तेच. ग्रीक शब्दही तोच, 'बिस्सिनोन'. लिहिणाऱ्याकडे शब्दांचा तुटवडा होता असं नाही. त्यानं मुद्दाम दोघींना एकच कापड नेसवलं आहे.

फरक कुठे आहे ते तो लगेच सांगतो. शहराचं कापड विकत घेतलेलं आहे, त्या यादीतलं. नवरीचं तिला दिलेलं आहे, आणि ते कशाचं आहे याचा खुलासाही तिथेच आहे: पवित्र जनांच्या नीतीच्या कृत्यांचं. माणसांनी नीट केलेल्या कामांचं कापड. जवसाचं, कापसाचं, तागाचं, असा प्रश्न तिथे उरत नाही.

म्हणजे आजी, उत्तर असं आहे. नाही, ताग म्हणजे तिथे गोणपाट नाही. ते आईच्या चटणीतल्या जवसाचं, गार आणि हलकं, घाम न आणणारं कापड आहे. भाषांतर करणाऱ्यांना आपल्याकडे त्याच्या जवळचा धागा मिळाला तो तागाचा, म्हणून त्यांनी तो लिहिला. पण त्या पानापुरती त्यांची चूक तुमच्या बाजूनं झाली आहे. बाबेलच्या व्यापाऱ्याला ताग शब्द ऐकून लाळ सुटली नसती. तुम्हाला मात्र त्या शब्दात आपलं काम दिसलं आणि तुम्ही थांबून विचारलंत. तिथलं वस्त्र केलेल्या कामाचंच असेल, तर तुम्ही काय चुकीचं वाचलंत?

आजींना नेलं तेव्हा पेटीत त्या पांढऱ्या सुती साडीत होत्या. पाळकांनी प्रार्थना केली. मार्केट यार्डातल्या चार-पाच बायका कामावरून तशाच आल्या होत्या, लुगड्यांना तागाची कूस चिकटलेली. त्यांतल्या एकीनं पेटी झाकण्याआधी साडीची घडी नीट केली आणि हातानं दोनदा सारखी केली, गठ्ठा बांधताना करतात तशी.